रिकामा भुरका

नाही जेवलो! कितीदा सांगू? नाही जेवलो, आज जेवणारही नाही, आणि तुम्ही मला हे विचारणं आता बंद करा... नाही हो, तुमच्यावर नाही रागावलो. तुमचा काय दोष? आमच्या या डोंगरात माणूस भेटला की हेच विचारायचं, जेवलास का. रस्त्यात, देवळात, बँकेच्या रांगेत. अहो, मागे त्या फंग म्हाताऱ्याच्या मयताला गेलो, तर त्याचा मुलगा डोक्याला सुतकाचं गोणपाट बांधून, नाक पुसत पुसत मला विचारतो कसा, "आ-तिएनकाका, जेवलात का?" म्हणजे बाप आत पेटीत, आणि ह्याला माझ्या पोटाची काळजी! आणि मी तरी काय, पन्नास वर्षं छाती पुढे काढून सांगत आलो, जेवलो, तुम्ही बसा, तुम्हालाही वाढतो. छाती कसली, पोटच पुढे असायचं. पण तोपर्यंत त्या पोटावर फक्त माझा हक्क होता, त्याचं काय ते मी बघत होतो.

तुम्हाला सांगतो, माझं दुकानच खाण्याचं. पान-तियाओ, तांदळाच्या रुंद रुंद पट्ट्या, त्यावर डुकराच्या चरबीत लालसर तळलेला कांदा, शेजारच्या कढईत आलं घालून परतलेली आतडी... चव बघितल्याशिवाय गिऱ्हाइकाला द्यायचं का? आणि एका कढईची बघितली, तर दुसरीनं काय पाप केलंय? बघता बघता बघणं अंगाला लागलं. लागेना का! बायको लान-मोई दुकानाच्या दारातून मला आडवा होऊन जाताना बघायची आणि हसायची, मीही हसायचो. हसत नव्हता तो एकच माणूस, आमचा दादा.

दादा म्हणजे आ-हुआन. माझा थोरला भाऊ. हेडमास्तर होता शिनचू शहरात, आता निवृत्त. काठीसारखा माणूस, दारू नाही, सिगारेट नाही, भाताचं दुसरं वाढप नाही. शाळेत असल्यापासून मला हाक मारायचा ती 'डुकरा' म्हणून. बरं, घरातल्या घरात म्हणावं की नाही? माझ्या लग्नात, भरल्या मांडवात, सगळ्या पाव्हण्यारावळ्यांसमोर उठून भाषण केलं साहेबांनी. म्हणाले, "देवाला डुक्कर द्यायची आमच्या गावाची पाळी पंधरा वर्षांनी एकदा येते, पण आमच्या आईनं तयारी आधीपासूनच करून ठेवलेली आहे." आणि माझ्याकडे हात केला. मांडव हसला. सासरे हसले. लान-मोई मान खाली घालून हसली, ते मला बाजूनं दिसलं. तर असा हा भाऊ. आणि ह्या भावाची लिव्हर गेल्या हिवाळ्यात गेली.

लहानपणची कावीळ होती म्हणे, आत दबा धरून बसलेली. डोळे पिवळे, नखं पिवळी, पोटात पाणी. डॉक्टर म्हणाले दुसऱ्याची लिव्हर बसवायला हवी, घरातल्याच कुणाच्या तरी लिव्हरचा तुकडा काढून. मग सगळ्या घरादाराच्या तपासण्या. वहिनीचा रक्तगट जुळेना. पुतणी शिन-यी, तिची लिव्हर चिमणीएवढी. आणि जुळलं कुणाचं? खानदानात इतकी सडपातळ, शहाणी, योगासनं करणारी माणसं पडलीत, पण जुळायचं कुणाचं, तर डुकराचं! मला कुणी विचारलं का, बाबा, तुझी द्यायची इच्छा आहे का? नाही. विचारलं काय, तर इस्पितळात नर्सनं, रक्त काढायच्या आधी... "जेवलात का?"

आता ती डॉक्टरीणबाई. माझ्या मुलीच्या वयाची. पडद्यावर माझं पोट आतून दाखवलं आणि म्हणाली, "काका, ही पांढरी दिसतेय ना, ही सगळी चरबी आहे. एवढ्या चरबीची लिव्हर आम्ही काढत नाही, काढली तर तुम्ही दोघंही जाल. पावसाळ्यापर्यंत पंधरा किलो उतरवा, मग पुन्हा बघू." मी म्हटलं, आणि नाही उतरलं तर? काचेपलीकडे बाकावर दादा बसला होता, अंगात दोन स्वेटर, आणि भिंतीवरचं हात धुण्याच्या सूचनांचं पत्रक मन लावून वाचत होता. तिनं तिकडे बघितलं आणि मीही बघितलं. एवढंच झालं बघा, आणि माझं जेवण सुटलं.

लान-मोईनं दुसऱ्याच दिवशी कंबर कसली. सकाळी रताळ्याचा उकडलेला पाला. दुपारी उकडलेला पाला आणि अंड्यातला पांढरा भाग. पिवळा कुठे जातो? पिवळा ती खाते, टाकायचा कशाला! संध्याकाळी कोंबडीच्या छातीचा तुकडा, ज्याला मीठ माहीत नाही, आणि मग देवळाच्या पायऱ्या चढून उतरायचं. रोज पहाटे काट्यावर उभं राहायचं, ती चष्मा लावून वाकून आकडा बघणार आणि काल मी कुठे काय चाखलं ते त्या आकड्यावरून सांगणार. पोलिसात का नाही गेली ही बाई, मला कळत नाही.

आणि शिन-यी! तिनं फोनवर नातेवाइकांचा एक ग्रूप काढला. नाव काय ठेवलं, तर 'काकांची लिव्हर, आगे बढो.' त्यात मावशा, आत्या, कॅनडातला पुतण्या, ज्यांना मी लग्नाकार्यातसुद्धा ओळखत नाही अशी माणसं. रोज सकाळी फुलांचे फोटो, उगवता सूर्य, खाली सुविचार. आणि आमच्याकडे धीर द्यायचा म्हटलं की म्हणतात 'तेल घाल, तेल घाल.' अरे, कुणाला सांगताय? माझ्या लिव्हरमधनं तेल काढायला चाललोय, आणि सगळं खानदान सकाळी उठून म्हणतंय तेल घाल! एक आत्या तर रोज तेल घाल म्हणायची आणि खाली स्वतःच्या जेवणाचा फोटो टाकायची. मटणाचा. वाफेसकट.

हे इथपर्यंत असतं तरी मी निभावलं असतं. पण अजून पाहुण्यांचं सांगितलंच नाही तुम्हाला.

तुम्हाला सांगतो, यंदा आमच्या गावाची पाळी. पंचांगाच्या सातव्या महिन्यात, गावासाठी लढून मेलेल्या वीरांच्या देवळात डुक्कर द्यायचं, आणि ज्याचं सगळ्यात वजनदार त्याचा मान मोठा. दोन वर्षांपूर्वी आईनं पिल्लू आणवलं. ऐंशी उलटलेली बाई, कंबरेत वाकलेली, पण आवाज असा की कढई खाली पडावी. तिनं पहिल्याच दिवशी ताकीद दिली, "डुक्कर म्हणायचं नाही. देवाघरचे पाहुणे आहेत." झालं! पाहुणे आले, पाहुणे बसले, पाहुण्यांना उकडतंय, पंखा लावा. पाहुण्यांना मच्छरदाणी. पाहुण्यांच्या अंगाला रोज कोमट पाणी. म्हणजे गोठ्यातल्या डुकराला अहो-जाहो आणि मी, जो माणूस आहे, ज्याला दुकान आहे, मतदानाचा हक्क आहे, त्याला थोरला भाऊ डुकरा म्हणतो. आणि पाहुण्यांची सेवा कुणाकडे? माझ्याकडे, दुसऱ्या कुणाकडे असणार? मला कुणी विचारलं? मी आपला दुपारी दुकान बंद केलं की माझा वाडगा घेऊन गोठ्यात जायचो, रेडिओवर डोंगरातली गाणी लावायचो, त्यांच्यासमोर भाताची पेज आणि सोयाबीन ओतायचो आणि पाटावर बसून माझ्या पान-तियाओ खायचो. ते खायचे, मी खायचो. ते माझ्याकडे बघायचे, मी त्यांच्याकडे. खरं सांगू का? इतकी वर्षं झाली, माझ्यासोबत बसून जेवणारं, आणि जेवताना माझ्या पोटाबद्दल एक शब्द न बोलणारं, तेवढंच एक होतं.

दादा आजारी पडला तेव्हा आईनं देवळात जाऊन नवस बोलला. माझे पाहुणे पहिले येऊ देत, माझा आ-हुआन वाचू दे. त्या दिवसापासून तिचा हिशेब पक्का झाला. पाहुण्यांच्या अंगावर जेवढं चढेल, तेवढं दादाचं आयुष्य. डॉक्टर, पडदा, पांढरी चरबी, हे सगळं तिला नाटक वाटायचं. आणि मी उपाशी राहायला लागलो त्याच आठवड्यात पाहुण्यांनी जेवण टाकलं.

पेज बदलली, अंडी फोडून घातली, शेवया घातल्या, जनावरांचा औषधवाला आणला, त्यानं तपासून सांगितलं काही झालेलं नाही. पाहुणे आपले आडवे पडलेले, पंख्याखाली, डोळे अर्धे मिटून. आई गोठ्याच्या दारात रडायची, लान-मोई मला काट्यावर चढवायची. माझं वजन उतरतंय आणि पाहुण्यांचंही उतरतंय, आणि घरात एक आनंदानं टाळी वाजवतंय, एक कपाळ बडवतंय, आणि दोघींचं कारण एकच.

मग एके दुपारी... माणूस आहे हो मी. लान-मोई बाजाराला गेली होती. दुकानात कढईच्या तळाला थोड्या पान-तियाओ उरल्या होत्या, खरपूस, कांद्यासकट. घरात खावं तर वास राहतो, ती दारातूनच ओळखणार. म्हटलं गोठ्यात जाऊ, तिथल्या वासात हा वास कोण ओळखतंय? गेलो, पाटावर बसलो, डोळे मिटले आणि पहिला घास असा ओढला... सुर्रर्र... आणि काय सांगू, समोर धप्पकन आवाज झाला. पाहुणे उठून बसलेले! मी दुसरा घास घेतला, त्यांनी टोपात तोंड घातलं. मी तिसरा घेतला, टोप रिकामा. आणि दारात आई उभी. मी मेलो म्हटलं आता, ही लान-मोईला सांगणार. तर आईचे डोळे भरून आलेले. म्हणते, "खा रे बाळा, खा. तुझ्याशिवाय जेवत नव्हते ते."

पन्नास वर्षांत मला बाळा म्हणाली नव्हती.

आता बघा माझी गंमत. दुसऱ्या दिवसापासून आई पदराआड झाकून वाडगा आणून देते, चरबीतला कांदा दुप्पट घालून, आणि म्हणते, तू नाही खाल्लंस तर दादा मरेल. पहाटे काट्यावर लान-मोई म्हणते, आकडा हलला नाही, कुठे चरलास, तू असा खात राहिलास तर तुझा दादा मरेल. खाल्लं तरी मरेल, नाही खाल्लं तरी मरेल! आणि मरणारा एकच, दोघींचा तोच! मी कुठं जाऊ? आठवडाभर मी दोघींनाही हो म्हणत होतो, आणि आठवड्याच्या शेवटी काट्यानं सांगितलं की मी महिन्याभराचं उतरवलेलं पाण्यात घातलंय. लान-मोईनं सरळ वहिनीला फोन लावला आणि फोन माझ्या हातात दिला. वहिनी बिचारी काय विचारणार? "भावजी, जेवलात का?" आणि मग रडायला लागली, की ह्यांच्या पोटात आज पाणीसुद्धा ठरलं नाही.

त्या दुपारी मी वाडगा घेतला, पाटावर बसलो, काड्यांनी पट्टी उचलली, ओठांपर्यंत आणली, आणि नुसती हवा ओढली. सुर्रर्र. पट्टी खाली. पुन्हा उचलली. सुर्रर्र. मचमच केलं. जीभ टाळ्याला लावून आवाज काढला. "वा," म्हटलं, "आज आतडी काय झालीयेत!" ढेकर दिला. ढेकर द्यायला पोटात काहीतरी लागतं हो, उपाशी पोटी ढेकर काढून बघा एकदा, बरगड्या दुखतात. पाहुण्यांनी एक डोळा उघडला. नाक हलवलं. चरबीचा वास होताच. आणि जेवले! पूर्ण टोप!

झालं, तेव्हापासून माझं नाटक रोज दुपारी. नाटकवाल्यांना निदान टाळ्या मिळतात. मला समोर गरम वाडगा, नाकात कांद्याचा वास, तोंडाला सुटलेलं पाणी, तेच गिळायचं, आणि आनंदी चेहरा करायचा, कारण चेहरा पडला की पाहुणे खायचे थांबायचे. एवढं तर माझी बायकोसुद्धा माझ्या चेहऱ्याकडे बघत नाही. मग तो वाडगा तसाच भरलेला पाहुण्यांच्या टोपात ओतायचा. माझी पान-तियाओसुद्धा त्यांनाच! पण काटा हलला, दोन्हीकडचा. माझा खाली, त्यांचा वर. ग्रूपवर शिन-यीनं माझा नवा आकडा टाकला, आणि आत्यानं लिहिलं तेल घाल, आणि भेंडीचा फोटो टाकला, तेवढी सुधारणा झाली होती.

पावसाळ्याच्या तोंडाला दादाला गावी आणलं, आईकडे. एका दुपारी काठी टेकत गोठ्याशी आला आणि दारातल्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसला. मी आपला रंगात, भुरके चालू. तो बराच वेळ बघत होता.

"काय करतोयस?"

"जेवतोय."

"वाडगा तर भरलेलाच आहे."

"हळू बोल," म्हटलं, "पाहुण्यांना कळेल."

दादा हसला. मी त्याला माझ्यासोबत हसताना कधी बघितलं नव्हतं, माझ्यावर हसतानाच बघितलं होतं. हसता हसता खोकला आला. पिवळी बोटं गुडघ्यांवर, कातडी अशी की हाड मोजावं. म्हणाला, "आ-तिएन, एक घास खरा खा. मला बघवत नाही."

"मी खाल्लं तर तू मरशील."

"तसाही मरेनच."

"मर ना मग," मी म्हटलं, "पण माझ्या खाण्यानं नको. जन्मभर माझं खाणं काढलंस, आता मरणसुद्धा त्याच्या नावावर टाकणार का?"

पाहुणे जेवायचे थांबले होते, मी चेहरा पाडला होता ना! मग मला पुन्हा काड्या उचलाव्या लागल्या, पुन्हा सुर्रर्र, आणि डोळ्यांतून पाणी येतंय ते येतंय. तुम्हाला स्पष्ट सांगतो, मला तो आवडत नाही. आजही नाही. पण घरात डुक्कर हा शब्दच उच्चारायचा नाही असा कडक नियम असताना मला तो शब्द बिनदिक्कत म्हणणारं त्याच्याशिवाय होतं कोण? तो गेला तर मला कोण म्हणणार होतं? भीती वाटली मला, खरीखुरी. त्या दिवसानंतर मी कढईतलं चाखूनसुद्धा बघितलं नाही.

सातवा महिना लागायच्या आत डॉक्टरीणबाईनं पडदा बघितला आणि म्हणाली, चालेल. आणि आई म्हणाली, चालणार नाही! सातवा महिना भुतांचा. या महिन्यात घर बदलत नाहीत, लग्न करत नाहीत, ओले कपडे संध्याकाळनंतर बाहेर ठेवत नाहीत, आणि हे पोट उघडायला निघाले? उघडलेल्या पोटात कोण शिरेल ते सांगता येतं का? आधी पाहुण्यांचं वजन होऊ दे, देवाला जाऊ देत, मग कापा काय कापायचं ते. तीन दिवस घरात कुणी कुणाशी बोलेना. चौथ्या दिवशी दादाला रक्ताची उलटी झाली. आई उठली, देवळात गेली, कौल लावायला बसली. देव नाही म्हणाला. पुन्हा लावला. नाही. मी बाजूला उभा होतो, मोजायचं सोडून दिलं. देव हो म्हणेपर्यंत ती बाई कौलाच्या त्या दोन लाकडी फाकी जमिनीवर टाकत राहिली. शेवटी देवच कंटाळला असेल.

मला कापलं, दादाला कापलं. माझ्यातलं अर्ध्याहून जास्त त्याच्यात घातलं. शुद्धीवर आलो तर पोटावर नांगरल्यासारखी रेघ, नाकात नळी, हातात नळी, कुठे कुठे नळी ते सांगत नाही, बायका बसल्यात. आणि तोंडात पाण्याचा थेंब घालायची मनाई. दादा काचेच्या खोलीत. लान-मोई म्हणाली, "लिव्हर धरलीये म्हणे त्यानं." मी म्हटलं, धरणारच, फुकटची आहे. आणि मग जरा रडलो, पण रडताना टाके ओढतात, म्हणून थांबलो.

तेवढ्यात फोन वाजला. आई! तब्येतीची विचारपूस करील, म्हटलं. कसा आहेस, दुखतंय का... कुठलं काय! म्हणते, "आ-तिएन, पाहुणे दोन दिवस जेवले नाहीत. परवा वजन आहे." म्हटलं, आई, माझं पोट फाडलंय. म्हणते, "तोंड तर शाबूत आहे ना? शिन-यीनं फोन गोठ्यात धरलाय. कर."

कर म्हणे! आता तुम्हीच सांगा. खोलीत माझ्याशिवाय तिघं, तिघांनाही पोटात काही नाही, सगळे उपाशी ठेवलेले, एकजण तर आदल्या दिवसापासून बर्फाचा खडा मागत होता. आणि मी फोन तोंडाजवळ धरून... सुर्रर्र. टाक्यांतून कळ अशी गेली! "वा, आतडी काय झालीयेत!" सुर्रर्र. मचमच. पलीकडच्यानं उशी फेकून मारली. बर्फवाला रडायला लागला. नर्स धावत आली, तिला वाटलं मी खरंच काहीतरी खातोय, तिनं माझ्या गादीखाली हात घालून बघितलं. आणि फोनवर आईचा आवाज, "उठले! उठले! ढेकर दे!" दिला. टाका तुटला नाही हे माझं नशीब. वजनाच्या दिवसापर्यंत रोज दोन वेळा, शिवलेल्या पोटानं, ओठ कोरडे, मी त्या फोनला जेवलो.

पाहुणे पहिले आले!

मला फोटो आले फोनवर. फुलांच्या, दिव्यांच्या कमानीखाली पाहुणे मांडलेले, तोंडात अननस, पाठीवर केसांची पट्टी राखलेली, मोठा सोनेरी फलक, बाजूला आई, आयुष्यात पहिल्यांदा ताठ उभी. ग्रूपवर सगळ्यांनी फटाके पाठवले. मी तो फोटो मोठा करून बघितला, डोळे दिसतात का. नाही दिसले. त्यांना कापलं आणि मला कापलं, एकाच महिन्यात, एकाच माणसासाठी. फरक एवढाच की मला शिवलं.

घरी आलो तर गोठा धुऊन ठेवलेला. पाट भिंतीला उभा. पंखा मात्र चालूच होता, कुणी बंद केला नव्हता. मी केला. देवाला दाखवून झालं की मांस नातेवाइकांत वाटतात, आमच्याही वाट्याचं आलं होतं, आईनं माझ्यासाठी चांगला चरबीचा तुकडा राखला होता. मी म्हटलं, मला पथ्य आहे. पथ्य होतंच, डॉक्टरीणबाई म्हणालीये जन्मभर असंच खायचं. पण नसतं तरी... जाऊ द्या.

आणि श्रेय? लोक येतात दादाला बघायला. आई सांगते, "पाहुणे पहिले आले ना, त्यांच्या पुण्याईनं वाचला." पूर्वजांच्या नावांच्या फळीशेजारी भिंतीवर पाहुण्यांचा फोटो लागलाय, सोनेरी चौकटीत. दादा, शिकलेला माणूस, हेडमास्तर, रोज सकाळी त्या फोटोला उदबत्ती लावतो. माझी लिव्हर पोटात घालून! मी एकदा म्हटलं, दादा, अरे, मीही काहीतरी दिलंय. म्हणाला, "तू जिवंत आहेस. तुला उदबत्ती लावू?"

पण खरी गंमत पुढेच आहे. डॉक्टर म्हणाले दादाचं वजन वाढायला हवं, अंगावर मांस नाही, अशानं नवी लिव्हर टिकायची नाही. आणि दादाला जेवण जात नाही. वहिनीनं सूप केलं, तोंड फिरवलं. आईनं पेज केली, अंडी फोडून घातली, तोंड फिरवलं. खुर्चीत आपला आडवा, डोळे अर्धे मिटून. वहिनी दारात रडते. आणि आईनं माझ्याकडे बघितलं. ती नजर मी ओळखतो. म्हटलं आई, नाही. नाही म्हणजे नाही. पुन्हा नाही.

मग काय, रोज दुपारी दुकान बंद करतो, वाडगा घेतो, दादासमोर पाटावर बसतो. काड्यांनी पट्टी उचलतो, ओठांपर्यंत आणतो. सुर्रर्र. वा, म्हणतो, आज आतडी काय झालीयेत. त्याला सगळं माहीत आहे, तो मूर्ख नाही, वाडगा भरलेला त्याला दिसतो. तरी जेवतो. परवा तर दुसरं वाढप घेतलं, आयुष्यात पहिल्यांदा. आणि घास तोंडात असताना, मान वर न करता, मला म्हणाला, "काय रे डुकरा, जेवलास का?"

"हो," म्हटलं, "आत्ताच."